तंतुकणिकेतील प्रथिने आणि पेशीचा नियोजित मृत्यू
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत धर्म, इतिहास व समाज या विषयांवरील विद्वत्तापूर्ण भाषणे आपण ऐकली. त्या मालिकेत एक सायंकाळ विज्ञानालाही द्यावी असे कार्यकारिणीस वाटले, याबद्दल मी मनःपूर्वक आभार मानतो. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला देण्यात आले होते. मी निवडलेला विषय ऐकून एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रेमाने विचारले, "सर, मंगल प्रसंगी मृत्यूवर कशाला बोलता?" मी त्यांना म्हणालो, "हा मृत्यू वेळेवर झाला नसता, तर आपल्या हाताला पाच सुटी बोटे आली नसती." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले आणि विषय मंजूर झाला.

बोटांपासूनच आरंभ करू. वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांना आपण नेहमी सांगतो की, ही लेणी बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. बत्तिसाव्या क्रमांकाच्या इंद्रसभेतील स्तंभ बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. भोवतीचा खडक काढून टाकला म्हणून ते उरले. मातेच्या उदरात गर्भाचा हात काहीसा याच रीतीने घडतो. आरंभी तो वल्ह्यासारखा चपटा असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दोन बोटांमधील पेशी शिस्तीने मरून नाहीशा होतात आणि बोटे मोकळी होतात. बदकाच्या पायात त्या ठिकाणच्या पेशी मरत नाहीत, म्हणून तेथे पडदा राहतो आणि बदक पोहते. पावसाळ्यात डबक्यांत दिसणाऱ्या बेडूकमाशांची शेपटी तुटून पडत नाही, ती आतल्या आत विरून जाते. तेही याच प्रकारे.

हा प्रकार केवळ गर्भावस्थेपुरता नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी जुन्या पेशी जातात व त्यांच्या जागी नव्या येतात. यांत रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा सर्वांत मोठा आहे. तांबड्या पेशींचा शेवट मात्र निराळ्या मार्गाने होतो. ज्या अवयवाविषयी आज आपण बोलणार आहोत तो त्यांच्यात नसतोच. परंतु आतड्याचे अस्तर, पांढऱ्या पेशी, त्वचा येथील कोट्यवधी पेशींचा निरोपसमारंभ आपण येथे बसलो असतानाही चालू आहे, आणि आपल्याला त्याची जाणीवही नाही.

जाणीव का नाही, हे समजून घेतले पाहिजे. हात भाजला की तेथील पेशी फुगतात, फुटतात, त्यांतील द्रव बाहेर सांडतो. मग सूज येते, ठणका लागतो. तो अपघाती मृत्यू. नियोजित मृत्यूत पेशी आक्रसते. केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात, पेशीचे स्वतःच्या आवरणात गुंडाळलेले लहान लहान पुडके होतात, आणि 'आम्हाला उचला' अशी खूण त्या आवरणावर उमटते. शेजारच्या पेशी ते पुडके गिळून टाकतात. बाहेर थेंबही सांडत नाही. १९७२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात केर, वायली व करी या तिघांनी या प्रकाराला 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले. तेथील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी ते सुचविले होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पान गळणे. मराठीत आपण 'नियोजित पेशीमृत्यू' म्हणतो. अर्थ कळतो, पण पानगळीचे चित्र हरवते, हे मला थोडे खटकते.

पुढे एका मिलिमीटर लांबीच्या कृमीने या विषयाला वळण दिले. त्या कृमीच्या वाढीत शरीराच्या नेमक्या १०९० पेशी जन्मतात आणि त्यांतील १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, त्याच वेळी. म्हणजे हा मृत्यू जनुकांत लिहिलेला आहे. ती जनुके शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतके कळले तरी एक प्रश्न शिल्लक होता. मनुष्याच्या पेशीत हा आदेश कोठून निघतो? पेशीत कोणते 'यमसदन' आहे?

उत्तर जेथे मिळाले ते ठिकाण कोणाच्याही मनात नव्हते. ते पेशीचे ऊर्जागृह निघाले.

शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाचली आहे. शेंगेच्या आकाराची आकृती, बाहेर एक आवरण, आत घड्या पडलेले दुसरे. परीक्षेला उत्तर लिहायचे, 'पेशीचे ऊर्जानिर्मिती केंद्र', आणि एक गुण घ्यायचा. आपण श्वास घेतो तो शेवटी या घड्यांपर्यंत पोहोचतो. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात जातात, जसे विहिरीवरून हंडे पुढे जावेत, आणि शेवटी ऑक्सिजनशी मिळून त्याचे पाणी होते. या वाटेवर जी शक्ती हाती येते तीवर पेशीचे चलन, एटीपी, तयार होते. या रांगेत जवळजवळ शेवटी एक लहानसे, लोहयुक्त, लालसर रंगाचे प्रथिन उभे असते. त्याचे नाव सायटोक्रोम सी. माणसात ते अवघ्या १०४ अमिनो आम्लांचे आहे. दोन आवरणांमधल्या चिंचोळ्या जागेत ते राहते आणि इलेक्ट्रॉन उचलून पुढच्याला देते. हे काम इतके प्राचीन आहे की यीस्ट, गहू, मासा, माणूस, सर्वांत हे प्रथिन आहे. माणूस व चिंपांझी यांच्यातील तर अक्षरशः एकच आहे.

आज मला येथे एका मराठी विदुषीचे स्मरण करावयाचे आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म १९११, इंदूर. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व काका दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन होते. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत, कारण विचारीत तेथेच ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला तो पहिले वर्ष परीक्षाधीन म्हणून. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेचे दरवाजे मुलींना उघडले. त्या काळच्या थोर माणसांनाही हे शिकवावे लागले, आणि शिकविले ते बावीस वर्षांच्या एका मुलीने.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागाचा तो वैभवाचा काळ. प्रथम डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींच्या अभ्यासक, आणि कमलाबाईंच्या पुढ्यात आला बटाटा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बटाटा चुलीवर चढत नाही हे मी जाणतो. आज व्याख्यानापुरते त्याला सभागृहात येऊ द्यावे.

त्या काळी सायटोक्रोम प्राण्यांच्या स्नायूंत व यीस्टमध्ये चांगले अभ्यासले गेले होते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली त्याला नाव दिले होते. अनेक लेखांत 'कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधले' असे सरसकट लिहिलेले आढळते. गौरवाच्या भरात असे लिहिले जाते, परंतु त्यांचे खरे कार्य यापेक्षा नेमके आहे आणि त्यास अतिशयोक्तीची गरज नाही. वनस्पतीची पेशी श्वसन करते ते प्राण्याप्रमाणेच सायटोक्रोमच्या साखळीने करते की निराळ्या मार्गाने, हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी आहे आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे विकरही आहे, हे त्या कामातून पुढे आले. १९३९ साली 'नेचर' या नियतकालिकात हिल व भागवत या दोन नावांनी ते टिपण प्रसिद्ध झाले. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. आजचे विद्यार्थी चारशे पाने आणून ठेवतात, तेव्हा मला ती चाळीस पाने आठवतात. केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि नंतर मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. कडधान्ये, तांदूळ, नीरा यांवरील त्यांचे संशोधन गोरगरिबांच्या पोषणासाठी होते. उतारवयात ग्राहक चळवळीत त्या अग्रभागी होत्या. १९९८ साली दिल्लीत आपल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच निवर्तल्या.

त्यांच्या निधनाच्या दोन वर्षे आधी, १९९६ साली, अमेरिकेतील अटलांटा शहरात शियाओडोंग वांग या तरुण चिनी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट घडली. पेशी फोडून काढलेल्या रसात मृत्यूची साखळी सुरू होते असे त्यांना आढळले. त्या रसातील कोणते द्रव्य ती सुरू करते, हे पाहण्यासाठी त्यांनी रस वेगवेगळ्या भागांत विलग केला. वेगळे करत करत जे लहानसे प्रथिन हाती लागले, त्याने प्रकाश शोषून घेण्याची रीत तपासली. ते सायटोक्रोम सी होते.

कोणालाही प्रथम खरे वाटणे कठीण. श्वसनाचे प्रथिन मृत्यूच्या कामात कसे असेल? कदाचित पेशी फोडताना तंतुकणिका फुटली असेल आणि ते चुकून रसात मिसळले असेल. ही शंका त्यांनी स्वतःच तपासली आणि येथेच प्रयोगाचे सौंदर्य आहे. त्यांनी पेशी साखरेच्या द्रावणात फोडल्या. साखरेमुळे तंतुकणिका शाबूत राहतात. त्या रसात सायटोक्रोम सी नव्हते, आणि त्या रसात मृत्यूची साखळी सुरूही होईना. पुन्हा सायटोक्रोम सी घातले की सुरू. म्हणजे प्रथिन तेच आहे. ते तंतुकणिकेच्या आत असेतो पेशी श्वास घेते. ते बाहेर पडले की पेशीचा शेवट सुरू होतो.

बाहेर पडल्यावर काय होते, ते पुढील काही वर्षांत उलगडले. पेशीद्रवात ॲपाफ-१ नावाचे प्रथिन निद्रिस्त असते. सायटोक्रोम सी त्याला चिकटले की ते जागे होते, आणि असे सात मिळून सात आऱ्यांचे एक चाक तयार होते. या चाकावर कॅस्पेझ नावाची कापणारी विकरे सज्ज होतात. पहिले कॅस्पेझ दुसऱ्याला जागे करते, दुसरे पेशीतील शेकडो प्रथिने ठरलेल्या जागी कापते. एवढे झाले की माघार जवळजवळ नाही. तरीही पेशीने एक लगाम ठेवलेला असतो. काही प्रथिने कॅस्पेझला धरून ठेवतात. तो लगाम सोडविणारी प्रथिनेही पुन्हा तंतुकणिकेतूनच येतात. स्मॅक हे २००० साली सापडले. दुसरे, एचटीआरए-टू, २००१ मध्ये. त्याच काळात तंतुकणिकेतून बाहेर पडणारे एआयएफ नावाचे आणखी एक प्रथिनही सापडले, मात्र त्याचे काम निराळे आहे.

दरवाजा कोण उघडतो, हा पुढचा प्रश्न. तंतुकणिकेच्या बाहेरील आवरणावर एका कुळातील प्रथिनांची दोन गटांत झुंज चालू असते. बॅक्स व बॅक ही आवरणाला भोके पाडतात; बीसीएल-टू त्यांना अडवून धरते. पेशीच्या डीएनएला न भरून येणारी इजा झाली, तर केंद्रकातील पी-५३ हे प्रथिन भोके पाडणाऱ्या गटाला बळ पाठविते. शरीराच्या हिताचा हा निर्णय आहे. बिघडलेला आराखडा घेऊन ती पेशी वाढत राहिली तर काय होईल, ते आपल्याला ठाऊक आहे.

बीसीएल-टूचा शोध लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात लागला. त्या रुग्णांच्या पेशीत अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा चौदाव्याला जाऊन जोडलेला असतो, आणि त्यामुळे हे प्रथिन वाजवीपेक्षा फार जास्त तयार होते. १९८८ साली मेलबर्नमधील शास्त्रज्ञांनी दाखविले की, हे प्रथिन पेशीला भराभर वाढायला लावत नाही. ते तिला मरू देत नाही. कर्करोगाविषयीची समजूत येथे बदलली. तोवर सर्वांचे लक्ष पेशी किती वेगाने वाढतात याकडे होते. ज्यांनी जावयाचे त्या गेल्याच नाहीत तरीही गाठ होते, हे प्रथमच लख्खपणे कळले.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयाबाहेर सकाळी उभे राहिले, तर मराठवाड्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे डबे, फाइली, चादरी घेऊन बसलेली दिसतात. आपल्या समाजातील कित्येक जण तेथे भोजनाची व औषधांची सेवा देतात. आत जे किरणोपचार व केमोथेरपी चालते, त्यांतील बराचसा भाग शेवटी कर्करोगाच्या पेशीला एकच गोष्ट करायला भाग पाडतो: तंतुकणिकेचा तो दरवाजा उघड. पेशीने बीसीएल-टूचा पहारा वाढवून ठेवला असेल, तर औषध पोहोचूनही ती मरत नाही. "औषध लागू पडत नाही" असे डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, त्यामागे अनेकदा हे कारण असते. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमके या पहारेकऱ्यावरच बेतलेले आहे. ते बीसीएल-टूला जाऊन चिकटते, पहारा सुटतो आणि रक्ताच्या काही कर्करोगांत पेशी आपल्या मार्गाने जातात. १९८८ पासून २०१६ पर्यंत अठ्ठावीस वर्षे लागली. संशोधनाला देणगी देताना दुसऱ्या वर्षी फळ विचारणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या सर्व प्रथिनांना पुस्तकांत 'मारक प्रथिने' म्हटले जाते. पण ही जमात मारेकऱ्यांची नाहीच. जगविण्याचे रोजचे काम करणारे तेच सेवक आहेत. याचे सर्वांत उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात, नवी मुंबईजवळ खारघर येथे अभ्यासले जाते. टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थेत डॉ. काकोली बोस यांच्या गटाने एचटीआरए-टू या प्रथिनाच्या रचनेवर व कार्यपद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. या प्रथिनाचे तीन रेणू एकत्र येऊन पिरॅमिडसारखी आकृती बनते. कापणारे पाते आतल्या बाजूस झाकलेले राहते आणि योग्य स्पर्श झाल्यावर दूरच्या भागाच्या हालचालीने ते मोकळे होते. ही किल्ली नेमकी समजली, तर गरजेप्रमाणे ते चालू किंवा बंद करणारी औषधे रचता येतील, अशी या संशोधनामागील दिशा आहे.

याचे मूळ पाहिले तर ते जिवाणूंत सापडते. तंतुकणिका हीच मुळी कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीच्या आश्रयाला आलेल्या जिवाणूची वंशज आहे. जिवाणूंत या कुळातील प्रथिनाचे काम काय, तर उष्णता वाढून इतर प्रथिने बिघडली की ती निवडून काढणे. इंग्रजी नावातील आद्याक्षरेही 'अति तापमानात आवश्यक' असेच सांगतात. मराठवाड्यातील मे महिना सोसणाऱ्यांना या नोकराची किंमत सांगायला नको. तंतुकणिकेतही ते हीच झाडलोट करते. मग ते 'मारक' असेल, तर ते काढून टाकल्यावर पेशी जास्त जगायला हव्यात. २००३ साली उंदरांत याची प्रचिती उलट आली. ज्या उंदरांत हे प्रथिन निकामी होते, त्यांच्या मेंदूतील हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागातील पेशी अकाली मेल्या, अंग कापू लागले आणि ती पिले लहानपणीच दगावली. एआयएफ कमी असलेल्या उंदरांतही मेंदूच्या पेशींचा ऱ्हासच दिसला.

सायटोक्रोम सी तर मुळातून काढून टाकलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत. गर्भ अर्ध्यातच संपतो. मग श्वसन व मृत्यू ही दोन कामे वेगळी करता येतील का? २००५ साली एका प्रयोगात या प्रथिनातील बहात्तराव्या स्थानचे एकच अमिनो आम्ल बदलण्यात आले. श्वसन नीट चालू राहिले, परंतु ॲपाफचे चाक जुळेना. त्या उंदरांच्या मेंदूत ज्या पेशी गळून जावयाच्या त्या गेल्या नाहीत, मेंदू बेढब वाढला आणि बहुतेक पिले जन्माच्या सुमारास मेली. यीस्टमधील सायटोक्रोम सी आपल्या यजमानाचे श्वसन उत्तम चालविते, पण प्राण्याच्या पेशीरसात घातले तर मृत्यूची साखळी सुरू करीत नाही. म्हणजे श्वसनाचे काम प्राचीन; निरोप पोहोचविण्याची दुसरी जबाबदारी प्राण्यांच्या वंशात त्याच सेवकावर नंतर सोपविली गेली. ज्या बटाट्यात कमलाबाईंनी काम केले, त्या वनस्पतींच्या जगातही पेशी नियमाने मरतात, पण तेथे प्राण्यांसारखी कॅस्पेझ विकरे नाहीत. तो मार्ग निराळा आहे.

सोपविण्यात शहाणपण दिसते. ज्या प्रथिनावाचून क्षणभर चालत नाही, त्याच्याच हाती निरोप दिला, की तो निरोप चुकूनमाकून हरवत नाही, आणि ते प्रथिन टाकून देऊन पेशीला अमरही होता येत नाही. कर्करोगाची पेशी म्हणूनच सायटोक्रोम सी सहसा फेकून देत नाही, ती दरवाजावर पहारा बसविते. 'शहाणपण' हा शब्द मी सोयीसाठी वापरला. पेशीला कोणी सल्लागार नसतो.

याच संदर्भात एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते, कारण हा प्रश्न मला आपल्याच समाजात अनेकदा विचारला गेला आहे. इंग्रजी पुस्तकांत या प्रकाराला 'पेशीची आत्महत्या' म्हणतात, आणि काही उत्साही लेखक त्याची तुलना थेट सल्लेखनेशी करतात. दोन्ही शब्दप्रयोग मला मान्य नाहीत. पेशीला इच्छा नाही, विवेक नाही, व्रत नाही. प्रथिने जुळली की चाक फिरते. व्रताचा सारा अर्थ जाणीवपूर्वक संकल्पात आहे. विज्ञानातील प्रत्येक शोध आपल्या ग्रंथांतील वचनांशी जोडून दाखविल्याने ना विज्ञानाचा सन्मान वाढतो, ना ग्रंथांचा. दोन्ही आपापल्या जागी वाचावेत.

या मृत्यूची दुसरी बाजूही थोडक्यात सांगतो. कर्करोगात तो कमी पडतो, तर हृदयविकाराच्या झटक्यात व पक्षाघातात तो अनावश्यक ठिकाणी होतो. रक्तपुरवठा थांबल्याने काही पेशी लगेच मरतात, आणि पुरवठा पूर्ववत झाल्यावर त्या धक्क्याने आणखी काही पेशींच्या तंतुकणिका उघडतात. त्यांना वाचविणारे खात्रीचे औषध मिळविण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. छातीत कळ आली की रुग्णालय गाठण्याची जी घाई डॉक्टर सांगतात, तिचे कारण हेच आहे. प्रत्येक तासात हृदयाच्या अशा पेशी जातात ज्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत.

वेळ संपत आला आहे. व्यासपीठावर दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

पहिली चिठ्ठी एका युवकाची आहे. शरीरातील सर्व पेशी सारख्याच तयारीत असतात का? नाही. रक्त तयार करणारी मज्जा आणि आतड्याचे अस्तर येथील पेशी उंबरठ्यावरच उभ्या असतात. थोडा धक्का लागला की दरवाजा उघडतो. प्रौढ वयातील मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांच्या पेशींत भोके पाडणारी प्रथिनेच कमी असतात, त्यामुळे त्या सहजासहजी या मार्गाने जात नाहीत. उंदरांवरील २०१७ सालच्या संशोधनात दिसले की, लहान वयात मात्र मेंदू व हृदयही उंबरठ्यावरच असतात, कारण तेव्हा ते अवयव घडत असतात. अगदी लहान बालकांच्या मेंदूला किरणोपचार देणे डॉक्टर शक्यतो लांबवितात, त्या सावधगिरीला हा आधार मिळाला.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. नाव लिहिलेले नाही, प्रश्न एका ओळीचा आहे: "केमोत केस का जातात, आणि परत येतात का?" केसाच्या मुळाशी केस घडविणाऱ्या पेशी अखंड वाढत असतात आणि त्याही उंबरठ्यावर उभ्या असतात. औषध कर्करोगाच्या पेशीसाठी दिलेले असते, पण या पेशींच्या डीएनएलाही इजा होते, पी-५३ जागे होते, तंतुकणिका उघडतात आणि केस गळतो. मात्र त्याच मुळाशी, थोड्या वरच्या बाजूस, मूळ पेशींचा एक साठा शांत बसलेला असतो. त्या फारशा विभागत नसल्यामुळे बहुधा वाचतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच बारीक लव दिसू लागते आणि काही महिन्यांत केस येतात. आरंभी त्यांचा पोत थोडा निराळा, कधी कुरळा असतो. पुढे तो बहुतेकांचा पूर्ववत होतो.